न्यू ग्लॅरसचा स्विस उन्हाळा: तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरस या स्विस लोकांनी वसवलेल्या गावात ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फोल्क्सफेस्ट, म्हणजे लोकांचा उत्सव, भरतो. स्वित्झर्लंडचा राष्ट्रदिन १ ऑगस्टला, १२९१ सालच्या करारनाम्याच्या आठवणीत. त्याच्या आसपासचा रविवार हे गाव धरतं. मॅडिसन, मिलवॉकी, शिकागोची बरीच मराठी मंडळी तिथे जाऊन आली आहेत, पण 'घरं सुंदर, चीज मस्त' याच्या पुढे कुणी सांगत नाही. तुम्ही तिथे काय ऐकलंत, काय खाल्लंत, कुणाशी बोललात, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करते. मी अडकले ती आल्पहॉर्नमध्ये. माणसाच्या जवळपास दुप्पट लांब लाकडी वाद्य, बोटांनी दाबायला एकही भोक नाही. सगळे सूर ओठांतून आणि फुंकेतून काढायचे. मैदानाच्या कडेला तिघं उभे राहिले, पहिला सूर निघाला आणि खुर्च्या सरकवणारे, सॉसेज आणायला निघालेले जिथल्या तिथे थांबले. नंतर योडेल (आवाज झटक्यात वर-खाली नेत गायचं डोंगरी गाणं), ॲकॉर्डियन, झेंडा हवेत उडवून झेलणारे, सगळं आवडलं. पण आमची मुलगी घरी आल्यावर कितीतरी दिवस पुठ्ठ्याच्या नळीतून तोच सूर काढायच्या मागे होती.

मिलवॉकीहून

फोल्क्सफेस्टला गेलोय, पण माझं मन सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीतल्या 'विल्हेल्म टेल' नाटकावर. टेल म्हणजे स्विस दंतकथेतला तिरंदाज, ज्याला स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरचं सफरचंद बाणाने उडवावं लागतं. मूळ नाटक जर्मन नाटककार शिलरचं, १८०४ सालचं. या गावात ते १९३८ पासून उघड्यावर होत आलंय, इंग्रजीतही आणि जर्मनमध्येही. झाडीतल्या उतारावर प्रेक्षक, समोर खऱ्या शेळ्या, गाई, घोडे, आणि कलाकार गावातलेच.

मी सिंधुदुर्गातला, जत्रेतले दशावतार बघत वाढलो. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी राक्षस आला की पोरं आईला चिकटतात. इथे मुलाच्या डोक्यावर सफरचंद ठेवलं तेव्हा अगदी तशीच शांतता पसरली. शेजारच्या आजींनी सांगितलं, लहानपणी त्या याच नाटकात शेळ्यांमागून चालायच्या. त्या दिवशी नात चालत होती. नात आली तेव्हा आजी उभ्याच राहिल्या. मागच्या कुणीही 'खाली बसा' म्हटलं नाही.

मॅडिसनहून

धागा आवडला, पण एक सांगायलाच हवं. रस्त्यावर दिसणारे ते लाकडी सज्जे, फुलांच्या कुंड्या, रंगवलेल्या गाईंचे पुतळे, यातलं बरंच उशिराचं आहे. गावातला दूध आटवण्याचा कारखाना १९६२ साली बंद पडला, रोजगार गेला, आणि मग गावाने स्विस रूप पर्यटकांसाठी ठरवून सजवलं. तिथल्या सणाकडे बघताना मला हे विसरता येत नाही.

धागाकर्ती

मुद्दा खरा आहे. पण टेलचं नाटक त्याच्या आधीचं, आणि गाव तर १८४५ चं. स्वित्झर्लंडच्या ग्लॅरस प्रांतात तेव्हा हातमागाचा धंदा बुडत होता, पिकं गेली होती. आधी दोघांना जमीन शोधायला पाठवलं, मागून १०८ माणसं येऊन पोचली. सुरुवातीला गहू लावला, तो टिकला नाही, तेव्हा गाई पाळल्या आणि चीजकडे वळले. पोटासाठी रूप बदलणं या गावाला पहिल्यापासून माहीत आहे. माझ्या मते सजावटीने सण खोटा होत नाही.

झुरिकहून

मी अमेरिकेतलं गाव पाहिलेलं नाही, ग्लॅरस मात्र पाहिलंय. चहूबाजूंनी उभे कडे, मधे अरुंद दरी. तिथे उभं राहिल्यावर माणसं का गेली असतील ते कळतं. इथे १ ऑगस्टला सकाळी शेतांवर न्याहारी, रात्री डोंगरांवर होळ्या, पोरांच्या हातात कागदी कंदील. ग्लॅरसचं शाब्त्सिगर नावाचं हिरवट, कडक चीज मिळालं तर जरूर चाखा. त्यात मेथीच्या जातीचीच एक वनस्पती घालतात. माझ्या आईने वास घेतल्या घेतल्या विचारलं, "मेथी कुठून आणलीस?"

शिकागोहून

शाकाहारी लोक काय खातात तिथे?

मॅडिसनहून

रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचं खरपूस परतलेलं थालीपीठ. पण आत बेकन नाही ना, ते विचारून घ्या. फोंड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, वाइन असते. चीज प्राण्यांच्या रेनेटचं (दूध घट्ट करायला घालतात ते) चालत नसेल तर दुकानात तसं सांगा, वेगळं काढून देतात. गावच्या बेकरीत अक्रोड भरलेले, शिंगाच्या आकाराचे गोड पदार्थ मिळतात. मांसाहारी असाल तर कालबरवुर्स्ट, वासराच्या मांसाचं सॉसेज, तिथली खासियत.

शिकागोहून, पुन्हा

धन्यवाद. सासूबाई बरोबर आहेत, फार चालवत नाही त्यांना. जमेल का?

धागाकर्ती

नक्की जमेल. घडीच्या खुर्च्या, टोपी आणि पाणी घेऊन या. कार्यक्रम गवतावर असतो, त्यामुळे त्यांना पुढे बसवा. वेळ उरला तर स्विस हिस्टॉरिकल व्हिलेजमध्ये जा, पहिल्या वसाहतीच्या काळातलं जगणं तिथे बघायला मिळतं. आणि आल्यावर सासूबाईंना काय आवडलं ते इथे लिहा.