कॉलसाइनच्या नावाचा सबडोमेन

दादा, तुम्ही विचारलंत की हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे तर इंटरनेटवर स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यायला डोमेन विकतच घ्यावं लागेल का, आणि काका म्हणाले की हो, घ्याच. मी म्हणतो आधी एएमपीआर डॉट ओआरजीचा सबडोमेन, म्हणजे त्यांच्याच डोमेनखालचा पत्ता, मागा, तिथे तुमचा कॉलसाइनच, म्हणजे लायसन्सवरची रेडिओची ओळखखूण, पुढे लागतो, मग तो व्हीयू२ ने सुरू होणारा असो की व्हीयू३ ने, आणि पैसे लागत नाहीत. हे काम एआरडीसी ही अमेरिकेतली संस्था बघते, १९८१ साली हॅम लोकांसाठी ४४ ने सुरू होणारे जवळपास १ कोटी ६८ लाख आयपी पत्ते मिळाले होते ना, तेच तिच्याकडे आले. २०१९ मध्ये त्यातला चौथा हिस्सा तिनं अ‍ॅमेझॉनला विकला, त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण त्या पैशातून हॅम प्रकल्पांना अनुदानं मिळतात हेही खरं.

सबडोमेनसाठी एआरडीसीच्या पोर्टलवर खातं उघडून लायसन्सची कॉपी टाकायची. इथे नीट लक्ष द्या. मी इंदूरला घरी ट्यूबलाइटखाली मोबाइलनं फोटो काढला तर घडी बरोबर कॉलसाइनवरच आलेली, एक अक्षर वाचताच येईना, मग राजवाड्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे कागद सपाट करून स्कॅन केला तेव्हा कुठे स्वच्छ आलं. खात्यातलं नाव लायसन्सवर आहे तस्संच लिहा, वडिलांच्या नावासकट. आणि दुकानाची जाहिरात त्या पत्त्यावर अजिबात नको हं, हॅममध्ये धंदा चालत नाही, तिथे तुमचे अँटेनाचे प्रयोग टाका, आम्हाला वाचायला आवडतील.