पडद्यावरील भूमिका मतपेटीपर्यंत पोहोचते का?

इंद्रायणीकाठ (मूळ प्रश्न)

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत शिरूर मतदारसंघातून डॉ. अमोल कोल्हे निवडून आले, तेव्हा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका चालू होती आणि तीत छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका तेच करीत होते. महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक याच मतदारसंघात आहे आणि शिवनेरीही याच मतदारसंघात आहे. त्यांनी पराभव केला तो सलग तीन वेळा खासदार राहिलेल्या शिवाजीराव आढळराव पाटील यांचा.

माझा प्रश्न उमेदवाराच्या पात्रतेविषयी नाही, मतदाराच्या मनाविषयी आहे. जेवणाची ताटे समोर घेऊन जे घर रोज रात्री ती मालिका पाहत होते, त्या घरातील माणसाने मतदान यंत्रासमोर उभे राहिल्यावर नट आणि भूमिका वेगळी कशी काढायची? माझ्या आत्याने तेव्हा मला सरळ विचारले होते, “राजांच्या विरोधात बटण कसं दाबू?” ती राजकारण न कळणारी बाई नाही, कांद्याचा भाव, पाण्याचे आवर्तन, सोसायटीचे कर्ज हे सगळे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते. तरीही त्या क्षणी तिच्यासाठी हे विषय मागे पडले. लोकप्रिय कलेने निवडणुकीत इतके वजन मिळवणे आपल्याला योग्य वाटते का?

जुना कार्यकर्ता

आपल्या आत्यांचे मत मी खोटे ठरवत नाही, परंतु एका निकालावरून एवढा मोठा निष्कर्ष काढू नये असे मला वाटते. मालिका २०२० मध्ये संपली. २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष फुटला, घड्याळ हे चिन्ह अजित पवारांच्या गटाकडे गेले आणि २०२४ मध्ये तेच आढळराव घड्याळावर, तर कोल्हे ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या नव्या चिन्हावर लढले. पडद्यावर भूमिका नाही, जुने चिन्ह नाही, तरी कोल्हे पुन्हा निवडून आले आणि तेही आधीपेक्षा बऱ्याच मोठ्या फरकाने. त्या वेळी शेतकऱ्यांचा कांदा निर्यातबंदीवरचा राग आणि पक्षफुटीबद्दलची नाराजी गावोगाव ऐकू येत होती.

उलट बाजूही पाहावी. आदेश बांदेकर यांच्याइतका घराघरांत, अगदी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला चेहरा मराठी दूरचित्रवाणीवर क्वचितच झाला असेल, आणि तरीही २००९ च्या विधानसभा निवडणुकीत माहीममधून त्यांचा पराभव झाला, कारण त्या वर्षी मनसेची लाट दादर-माहीममध्ये जोरात होती. प्रसिद्धीमुळे लोक सभेला येतात. मतदाराला घरातून बाहेर काढून केंद्रापर्यंत नेण्याचे काम मात्र बूथवरचा कार्यकर्ताच करतो.

डफाची थाप

मला या चर्चेत एक मोठी उणीव जाणवते. कला आणि निवडणूक यांचे नाते केवळ नटाच्या चेहऱ्यापुरते मानले, तर महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहासच बाजूला पडतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे मैदानात उभे राहत, तेव्हा ते कोणाची भूमिका करीत नव्हते. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत गावाकडे राहिलेल्या मैनेचा विरह आहे, आणि तोच विरह पुढे तुटलेल्या महाराष्ट्राचा होतो. गिरणीतून पाळी संपवून आलेल्या कामगाराला राज्य पुनर्रचनेचा प्रश्न त्या गाण्याने समजला, कारण गावाकडे बायको ठेवून मुंबईत राहणे म्हणजे काय हे तो रोज भोगत होता. मी या गाण्याला राजकीय शिक्षण मानतो आणि असे शिक्षण आज मिळत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला, आचार्य अत्रे विधानसभेत पोहोचले. पुढे १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले, आणि १९६२ मध्ये काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. गाणी तीच होती, शाहीरही तेच होते. पण ज्या प्रश्नासाठी ती गाणी होती, तो सुटला होता. त्यामुळे कला मतदाराला भुलवते ही भीती मला अतिशयोक्त वाटते. आजच्या प्रचारगीतांत उमेदवाराच्या नावाखेरीज काही सापडत नाही, याची चिंता मला अधिक आहे.

कलम १२६

शाहिरीबद्दल आपण लिहिले ते पटले, तरी कायद्याची बाजू राहून गेली आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत संगीताचा कार्यक्रम, नाट्यप्रयोग किंवा अन्य करमणुकीतून लोकांना आकर्षित करून निवडणूक प्रचार करण्यास मनाई आहे. म्हणजे करमणुकीचा मनावर परिणाम होतो, हे कायद्याने फार पूर्वीच मान्य केले आहे. निवडणूक आयोगाने १० एप्रिल २०१९ रोजी पंतप्रधानांच्या जीवनावरील चित्रपटाचे प्रदर्शन रोखले, ते याच विचाराने. मतमोजणी झाल्यावर, २४ मे रोजी, तो प्रदर्शित झाला.

मात्र चरित्रपट रोखणे आणि उमेदवार असलेल्या नटाची दैनंदिन मालिका रोखणे यांत फरक आहे. मालिकेवर तंत्रज्ञ, रंगभूषाकार, दुय्यम कलाकार अशा अनेकांचे पोट असते आणि तिच्यात पक्षाचा प्रचार नसतो. म्हणून बंदीपेक्षा मर्यादित उपाय मला योग्य वाटतो: उमेदवारी अर्ज भरल्यापासून मतदान होईपर्यंत त्या भूमिकेचा पोशाख, संवाद आणि छायाचित्रे प्रचारात वापरता येणार नाहीत, असा स्पष्ट नियम आयोगाने करावा आणि तो सर्व पक्षांना सारखाच लागू असावा.

इंद्रायणीकाठ

२०२४ चा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता आणि तो वजनदार आहे. पोशाखाच्या नियमाला माझा पाठिंबा आहे, पण आवाजाचे काय करायचे? संवाद म्हणताना बसलेली ती खर्जातली लय उमेदवार सभेतील भाषणातून कशी वगळणार, आणि आयोग ती कशी मोजणार?