मदत हवी आहे : ८६६ मेगाहर्ट्झचा फिल्टर, टॉवरनं वाट लावलीय

तासगावचा_बागवान
नमस्कार मंडळी. लोराच्या (लांब पल्ल्याच्या बिनतारी रेडिओच्या) रिसिव्हरला टॉवरचा त्रास व्हायलाय. बागेतले ओलाव्याचे आकडे घरी गच्चीवर नीट येत होते. शेजारच्या प्लॉटात टॉवर उभा राहिल्यापासून शंभरातले दहा पण येईनात. कॅल्क्युलेटरवर काढून तीन पायऱ्यांचा एलसी बँडपास (कॉइल-कपॅसिटरचा, ठरावीक पट्टाच आत सोडणारा फिल्टर) झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकांच्या बोर्डावर केला, तर आता शून्य. प्रश्न एवढाच : पायऱ्या पाच केल्या तर टॉवर कापला जाईल का? छाटणी झालीय, घाई आहे. "अँटेना हलवा" सांगणाऱ्यांनी कृपया प्रतिसाद देऊ नये.

मिरजकर
मॉड्यूल कुठलं? टॉवर कुठल्या बँडचा? एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर) किती दिसतो? फिल्टरचा फोटो टाका.

तासगावचा_बागवान
मॉड्यूल नेहमीचंच. टॉवर मोबाइलचा. फोटो टाकलाय. पाच पायऱ्यांचं सांगा की.

विट्याचे_काका
बाळा, हे सगळं सोड. जीएसएम स्टार्टर घे. मी चार वर्षं वापरतोय, अंथरुणातनं मिस्ड कॉल दिला की मोटर चालू. रात्रीच्या लाईटला उठायचं काम नाही.

तासगावचा_बागवान
काका, स्टार्टर आहेच. मोटर चालू करायची नाहीय, ओलावा बघायचाय.

विट्याचे_काका
मग ओलावा हातानं बघ. माती मुठीत दाबायची.

निवृत्त_वायरलेस
फोटो पाहिला. ८६६ ला १० पिकोफॅराडशी जुळणारी कॉइल भरते साधारण ३.४ नॅनोहेन्री. सरळ तारेच्या एका मिलिमीटरलाच जवळपास एक नॅनोहेन्री असतो. तुमच्या चकती कपॅसिटरचे पाय पाच-पाच मिलिमीटरचे दिसतायत. म्हणजे हौसेनं गुंडाळलेली कॉइल राहिली बाजूला, खरी कॉइल पायातच आहे. हा फिल्टर ८६६ चा नाही. कशाचा आहे ते मोजल्याशिवाय कळायचं नाही.

आता समजा, उत्तम एसएमडी (बिनपायाचे) भाग आणले. आपल्याकडे लायसन्सविना वापरायचा पट्टा ८६५ ते ८६८, आणि ८५० बँडच्या टॉवरचं प्रसारण ८६९ पासून सुरू. एवढ्या फटीत कापायचं म्हणजे तीन मेगाहर्ट्झ रुंदीचा फिल्टर. कॉइलचा क्यू (जितका जास्त तितकं आतलं नुकसान कमी) ८० धरला तर तीन पायऱ्यांत हवा असलेला सिग्नलच चाळीसेक डीबीनं, म्हणजे दहा हजारपट मरतो. पाच केल्यात तर आणखी मरेल. तोच हिशोब कॅव्हिटीला (धातूच्या पोकळ खोल्यांच्या फिल्टरला) लावा, क्यू ३००० धरा : नुकसान दोन डीबीच्या आत, ८७० ला वीस-बावीस डीबी काप, ८८० ला पन्नासच्या वर. ज्याचा क्यू नाही त्याच्या पायऱ्या वाढवून उपयोग नाही.

स्टबप्रेमी
एवढा कुटाणा कशाला? आरजी५८ केबलचा ५६ मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, एक टोक उघडं ठेवायचं, टी लावून अँटेनाच्या लाईनला जोडायचा. ८८० ला शॉर्ट. खर्च शून्य. मी हॅम रेडिओवर एफएम स्टेशन असंच उडवलंय, झकास.

निवृत्त_वायरलेस
तुमचं एफएम शंभराच्या आसपास आणि तुम्ही १४५ वर. मधे चाळीसेक मेगाहर्ट्झचं मोकळं रान. इथं ८८० चा स्टब (तुमचा तो केबलचा तुकडा) ५६ मिलिमीटरचा आणि ८६६ चा ५७ चा. एका मिलिमीटरच्या फरकात टॉवर आणि ओलावा दोन्ही एकाच खड्ड्यात जातील.

स्टबप्रेमी
करून बघितल्याशिवाय नाही म्हणू नये.

निवृत्त_वायरलेस
करूनच सांगतोय.

सातारी_कंदी
ऑनलाइन ८६८ चा तयार सॉ (चिपसारखा छोटा) फिल्टर मिळतो, लावून टाका.

मिरजकर
त्यातले बरेच युरोपातल्या ८६३ ते ८७० साठी केलेले असतात. ८६९ ला दार उघडंच. घेण्याआधी डेटाशीटचा आलेख बघा.

जुना_श्रोता
अवांतर : आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट नसताना सांगली आकाशवाणी ऐकू यायची. १२५१ किलोहर्ट्झ. आई म्हणायची, भूत आहे. ते कसं व्हायचं?

निवृत्त_वायरलेस
लांब वायर अँटेनासारखी वागते आणि आतला पहिला ट्रान्झिस्टर डायोडसारखा. इनपुटला छोटा कपॅसिटर लावला की भूत पळतं.

विट्याचे_काका
टॉवरमुळं मण्यांची गळ होते म्हणतात, खरं काय?

मिरजकर
काका, वेगळा धागा काढा.

बागवान, फोटोत अँटेनाच्या खाली ती निळी पट्टी कसली?

तासगावचा_बागवान
तो एलएनए (सिग्नल वाढवणारा ॲम्प्लिफायर), २० डीबीचा. टॉवर आल्यावर पॅकेट कमी झाली म्हणून लावला. फिल्टर त्याच्या नंतर. घरची बाजू नुसतं ऐकते, पाठवत नाही, त्यामुळं चालतं. चांगलीच गोष्ट आहे म्हणून लिहिलं नाही.

मिरजकर
घ्या! भिंतीपलीकडं टॉवर आणि तुम्ही त्यालाच शंभरपट करून आत घ्यायलाय. एलएनए तिथंच गुदमरला की पुढं कसलाही फिल्टर लावा, जे बिघडलं ते बिघडलं. फिल्टर आधी, एलएनए नंतर. आणि तुमच्या केसमध्ये एलएनए नकोच.

आता कोडमधली फ्रिक्वेन्सीची ओळ जशीच्या तशी टाका. वळणं नकोत.

तासगावचा_बागवान
८६८ई६, म्हणजे ८६८ मेगाहर्ट्झ. लायब्ररीच्या उदाहरणात होती तीच ठेवलीय. फिल्टर मात्र पट्ट्याचा साधारण मध्य धरून ८६६ चा काढला.

निवृत्त_वायरलेस
अहो, म्हणजे रेडिओ एकीकडं आणि फिल्टर दुसरीकडं. शिवाय १२५ किलोहर्ट्झ रुंदीचा सिग्नल ८६८ वर ठेवला की अर्धा आपल्या पट्ट्याबाहेर, तो नियमातही बसत नाही. वर टॉवरपासून जेमतेम एक मेगाहर्ट्झ. ८६५.०६२५ वर या, भारतातल्या लोरावॅनचं (लोराच्या जाळ्याच्या ठरलेल्या पद्धतीचं) पहिलं चॅनल तेच. टॉवरपासून जवळजवळ चार मेगाहर्ट्झचं अंतर फुकटात मिळतं. दोन्ही टोकांना बदला, नाहीतर उद्या परत धागा काढाल.

तासगावचा_बागवान
(तीन दिवसांनी) बदललं. बागेत जाऊन नोडचं (सेन्सरच्या डब्याचं) टोपण उघडावं लागलं, आत मुंग्यांनी घर केलतं. एलएनए आणि माझा फिल्टर दोन्ही काढले. आता शंभरातली ऐंशीच्या वर यायलीत. संध्याकाळी सात ते दहा मात्र अजून गळतात.

निवृत्त_वायरलेस
त्या वेळी सगळं गाव मोबाइलवर असतं, टॉवर जास्त जोरात बोलतो. स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल किती ताणून, सावकाश पाठवायचा) किती?

तासगावचा_बागवान
७. उदाहरणातलाच.

निवृत्त_वायरलेस
१० करा. पॅकेट हवेत जास्त वेळ राहील, नोडची बॅटरी थोडी जास्त खाईल. अर्ध्या तासाला एक आकडा पाठवत असाल तर परवडतं. तेवढ्यानं नाही भागलं तर कॅव्हिटी.

कुपवाडची_लेथ
कॅव्हिटी मी करून देतो, तीन खोल्यांची. मधला दांडा पाव तरंगलांबी, म्हणजे ८.६६ सेंटीमीटरपेक्षा थोडा आखूड, वरून ट्यूनिंगचा स्क्रू. पितळ की ॲल्युमिनियम?

जुना_श्रोता
हुपरीहून चांदीचा मुलामा मारून आणा, पाहुणे आले की दाखवता येईल.

निवृत्त_वायरलेस
चेष्टा वाटेल, पण मुलामा खरंच मारतात. या फ्रिक्वेन्सीला करंट धातूच्या वरच्या दोनेक मायक्रॉनमध्येच वाहतो, आत काय आहे त्याला घेणं नसतं. एका घरगुती फिल्टरला साधं पितळ पुरे. ट्यूनिंगला माझ्याकडं नॅनोव्हीएनए (फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) आहे, सांगलीत घेऊन या.

तासगावचा_बागवान
पितळच करू. आधी १० करून बघतो. आणखी एक, अँटेना सध्या टाकीच्या वर आहे, टॉवरच्या अगदी समोर. जिन्याच्या खोलीमागं खाली घेतली तर फरक पडेल का?

मिरजकर
आम्हाला त्यावर प्रतिसाद द्यायला मनाई आहे.