शहराजवळच्या गावात घर घ्यावं का? आमच्या फॅमिली ग्रुपवरचं

दादा: सगळ्यांना विचारायचंय. शहरापासून तासाभरावर एका गावात घर बघून आलो. माणसं काय सांगू! रस्ता विचारला तर एक आजोबा आमच्या गाडीत बसले आणि थेट दारापर्यंत पोचवून चालत परत गेले. घ्यावं का?

मामा: तासाभरावर म्हणजे कधी? रविवारी दुपारी गेला असशील.

दादा: हो, रविवारीच 😅

मामा: मग सोमवारी सकाळी आठला तिथून निघ, ऑफिसला पोच आणि मग सांग. चेझारे मार्केत्ती नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली मांडलं होतं की काळ कुठलाही असो, माणूस रोजच्या प्रवासात सरासरी तासभरच घालवतो. जाऊन-येऊन हं! तुझे दोन होतात, तेही रस्ता मोकळा असेल तर.

वहिनी: मला काळजी पाण्याची आहे. बोअर आहे. घरमालक म्हणाले, इतकं गोड पाणी की तसंच प्या.

काका: गोड लागतं म्हणून चांगलं असतं असं नाही. भोवती शेतं असतील तर खतातलं नायट्रेट जमिनीत मुरतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध त्या पाण्यात कालवणार असाल तर आधी तपासणी करा. नायट्रेट जास्त असेल तर बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते.

वहिनी: बापरे. साधा कँडल फिल्टर पुरेल ना?

काका: नाही, त्यात नायट्रेट अडकत नाही. आरओ लागेल. आणि संडासाची टाकी बघितलीत का? गावात ड्रेनेज लाइन नसेल तर सेप्टिक टँक आणि त्यातलं सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डाच असणार. तो बोअरपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. खडकात भेगा असतील तर तेवढं अंतरही कमीच. नुसता आपला नाही, शेजाऱ्याचा खड्डाही बघायचा. टाकी शेवटची कधी उपसली ते विचार. "आमची टाकी कधी भरतच नाही" असं कौतुकाने सांगितलं तर समज, ती खालून गळतेय.

मी: काका, दादा घर घेतोय, धरण नाही 😂

काका: हसा. माझ्या पाणीखात्यातल्या नोकरीत निम्म्या तक्रारी याच होत्या.

बाबा: आम्ही दोघंही तिकडेच येणार असू तर रात्रीचं बघ. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं दिसल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, तेही स्कॅन झाल्यावर. जवळ दवाखाना आहे एवढ्यावर जाऊ नकोस. स्कॅनचं मशीन आणि रात्री डॉक्टर कुठे असतात ते विचार.

दादा: तुम्ही सगळ्यांनी मिळून मला घाबरवायचं ठरवलंय का? आत्या, तू तर गावातच राहतेस. तू बोल.

आत्या: कधीची वाचतेय. पाणी, खड्डे, इंजेक्शन सगळं झालं, माणसांबद्दल एकानेही लिहिलं नाही. मागे आम्ही दोघंही तापाने पडलो होतो. सकाळी खिडकी उघडली नाही एवढ्यावरून शेजारीण बघायला आली आणि दुपारपर्यंत डॉक्टरला घेऊन आली. आता हीच शेजारीण आमच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, पार्सल कसलं होतं, हेही सांगू शकते. ती डॉक्टरसाठी हवी आणि पार्सलसाठी नको, असं जमत नाही बाबा. सूनबाईला चालणार आहे का ते आधी विचार.

वहिनी: आत्या, मला चालेल. इथे समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते अजून माहीत नाही.

आत्या: मग ठीक. दुसरं, एखाद्या मंगळवारी रात्री गावात चक्कर मार आणि किती घरांत दिवे आहेत ते बघ. शहराजवळच्या गावात निम्मी घरं शनिवार-रविवारची असतात. कुलपांशी काय गप्पा मारणार? तुम्हीही सकाळी आठला जाऊन रात्री आठला आलात तर जन्मभर "ते बंगलेवाले" राहाल. गेल्या गेल्या कोणाकडून तरी शिडी मागून आण. सगळंच विकत आणलं की कोणाला आपल्या दारात यायला निमित्त उरत नाही.

मामा: आणि पहाटे कोंबडा आरवला म्हणून तक्रार करू नकोस. फ्रान्समध्ये सुट्टीपुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांनी एका कोंबड्यावरून खटला भरला होता. २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०२१ मध्ये तिथे गावाकडचे आवाज आणि वास जपायचा कायदाच झाला.

मी: कोंबड्याचा वकील कोण होता ते शोधते 🐓

आत्या: कोंबड्याचं काही नाही रे, सवय होते. शेणखत टाकतात तो आठवडा मात्र अवघड जातो.

दादा: म्हणजे घेऊ की नको?

आत्या: आधी भाड्याने राहा. एक पावसाळा काढ. रस्ता, वीज, नेट, माणसं, सगळं तेवढ्यात कळतं.

वहिनी: मला पटतंय. काका, तपासणीला पाणी किती न्यायचं?

काका: लिटरभर पुरे. पंप थोडा वेळ चालू ठेव, मग बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भर. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आण, ती विसळायची नाही. आणि नमुना त्याच दिवशी पोचव, गाडीत ठेवून विसरू नकोस.