कार विमा: पेंटच्या पूर्ण बिलावर 50 टक्के डेप्रिसिएशन (जुनेपणाची कपात) लावतात का?

नमस्कार मंडळी, मी इंदूरहून. गेल्या महिन्यात देवास नाक्याजवळ सळयांनी भरलेली ट्रॉली पुढे एकदम थांबली आणि मी मागून धडकलो. चूक माझीच. एक सळई थेट समोरच्या काचेत घुसली. शेजारच्या सीटवर कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

गाडी सात वर्षांची, 1197 सीसी. झिरो डेप (ही कपात न लावणारं जादा कव्हर) दोन वर्षांपूर्वी बंद केलं (हप्ता वाचवायची हौस!). बिल 39,000 झालं, क्लेम मंजूर झाला 24,900 चा. बंपर 6,000 चा, हेडलाइट 5,000 चा. प्लास्टिक म्हणून दोन्हींचे अर्धे गेले. बॉनेट 9,000 चं. पाच वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याला 40 टक्के, म्हणजे 3,600 गेले. काचेचे 7,000 आणि मजुरीचे 4,000 पूर्ण मिळाले. शिवाय 1,000 पॉलिसीप्रमाणे आपल्या खिशातले. इथवर तक्रार नाही.

पण पेंटिंगच्या 8,000 मधून सरळ 4,000 कापलेत. गॅरेजवाला म्हणतो, "इतना तो कटता ही है भिया." बाबांचा हिशोब तिसराच: आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 2,60,000 आहे ना, मग कापायचा प्रश्नच कुठे येतो? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
बाबांना सांगा, आयडीव्ही कामी येतो गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर, म्हणजे दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेली तर. तुमचा क्लेम पार्टवार चालणार.
पेंटमध्ये मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. 50 टक्के फक्त मटेरियलवर लागतात. बिलात पेंटिंगची एकच रक्कम असेल तर तिचा चौथा हिस्सा मटेरियल धरतात. म्हणजे 2,000, त्याचे अर्धे 1,000. तुमचे 3,000 जास्त कापलेत. सर्व्हे रिपोर्टची (नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरच्या अहवालाची) प्रत मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पाठवा, फोनवर बोलून काही हाती लागत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर भोपाळला विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही.

धागाकर्ता:
खूप आभार. आत्ताच बिल काढून पाहिलं, एकच ओळ आहे: पेंटिंग 8,000. मेल टाकतोय. सर्व्हे रिपोर्ट आला की त्यातला पेंटचा आकडा इथेच लिहितो.