पणजोबांचे पवित्र शास्त्र (बायबल) आणि येसूचे नाव : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

रूथआत्या, सातारा (सकाळी 7.10) : सर्वांना जय ख्रिस्त. काल रात्री मार्थाशी फोनवर बोलताना सहज कळले की मिरजेच्या कपाटातले आपले पवित्र शास्त्र दोन दिवसांपूर्वी सांगलीला बाइंडिंगसाठी गेले आहे. हे कोणी ठरवले, कोणाला विचारून ठरवले आणि ते पुस्तक आज नेमके कोठे आहे, हे मला आजच्या आज कळले पाहिजे. आमच्या आजोबांच्या हातची पाने त्यात आहेत, हे या ग्रुपवर कोणाला नव्याने सांगायला नको.

शमुवेलकाका, मिरज (7.32) : अक्का, परवानगी मी दिली. आईच्या पश्चात ते पुस्तक मीच सांभाळले आहे. दर पावसाळ्यानंतर त्याला ऊन दाखवतो, कडुलिंबाचा पाला बदलतो. पुठ्ठा निखळला होता आणि नाताळच्या मेळाव्यात ते सर्वांसमोर नीट ठेवता यावे म्हणून डेव्हिडकडे दिले. वर्षातून एकदा घरी येणाऱ्यांनी असा जाब विचारावा, याचे वाईट वाटते.

डेव्हिड, सांगली (7.41) : आत्या, चूक झाली असेल तर ती माझी आहे, काकांची नाही. मेळाव्यासाठी वंशावळीचा तक्ता छापून घ्यायचा आहे. पुस्तक देण्यापूर्वी नोंदींच्या पानाचे छायाचित्र घेतले होते आणि त्यावरून कच्चा मजकूर तयार केला आहे. पणजोबांना चार अपत्ये. थोरला मुलगा येसू, जन्म 1896, लहानपणीच वारला असावा, कारण त्याच्या नावावर रेघ मारलेली आहे. पणजोबा 1915 साली साताऱ्यात नारायण वामन टिळकांच्या देवाच्या दरबारात, म्हणजे त्यांनी जमवलेल्या ख्रिस्तभक्तांच्या मंडळीत, दाखल झाले. काही दुरुस्ती असल्यास कळवावी.

प्रभाकरकाका, विटा (7.48) : पुस्तकाच्या छपाईचे साल कोणते? शीर्षकपानाचे छायाचित्र टाकावे.

एस्तेर, पुणे (8.05) : डेव्हिड, तक्ता नंतर पाहू. आधी दुकानात फोन करून काम थांबव. नवी बांधणी करताना पाने एकसारखी दिसावीत म्हणून कडा यंत्रावर कातरतात आणि पुठ्ठ्याला चिकटलेला जुना कोरा कागद काढून तेथे नवा लावतात. छापील इंग्रजी कौटुंबिक बायबलांत जुना करार आणि नवा करार यांच्यामध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांसाठी वेगळी पाने असत. आपल्या पुस्तकात तशी पाने नाहीत, म्हणून पणजोबांनी नोंदी शेवटच्या कोऱ्या पानावर आणि पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर लिहिल्या आहेत. म्हणजे बाइंडरच्या दृष्टीने जो टाकाऊ कागद, तोच आपला दस्तऐवज आहे. मी ग्रंथालयात काम करते आणि असे कागद रद्दीत गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून इतक्या घाईने लिहीत आहे.

डेव्हिड (8.09) : दुकानाचा फोन लागत नाही. दुकान दहा वाजता उघडते. मी साडेनऊपासून दारात उभा राहतो.

मार्थाकाकू, मिरज (8.15) : सर्वांनी कृपया शांत राहावे. पुस्तक सुखरूप असेल, अशी मी प्रार्थना करते.

शमुवेलकाका (8.31) : प्रार्थना मीही करतो. पण विषय निघालाच आहे तर स्पष्ट विचारतो, की ही वंशावळ केवळ मेळाव्यासाठीच आहे ना? तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी तीच पुढे करण्याचा कोणाचा विचार असेल तर तो आधी सांगावा. मागे वाटणीच्या वेळी कागद कोणी दाखवले आणि कोणी लपवले, हे मला आठवते.

रूथआत्या (8.40) : शमुवेल, वाटणीत बाबांची बाजाची पेटी कोणाच्या घरी गेली, हेही सर्वांना आठवते. मला जमिनीतला वाफाही नको. मी पुस्तकाविषयी विचारत आहे.

प्रभाकरकाका (8.44) : पेटीचा विषय नंतर घ्यावा. छपाईचे साल कोणते?

सुनीलदादा, तासगाव (8.58) : वकील म्हणून दोन शब्द. नातेसंबंधाविषयी मयत व्यक्तीने वंशावळीत, मृत्युपत्रात किंवा थडग्यावर केलेले विधान न्यायालय विचारात घेऊ शकते. ही तरतूद 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 32 मध्ये होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम 26 मध्ये आली आहे. मात्र ते विधान वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेले असावे लागते. त्यामुळे त्या पानावर आज कोणी एक अक्षर जरी नव्याने लिहिले किंवा फिकट अक्षर गिरवले, तर सगळ्याच पानाविषयी शंका घेतली जाईल. काकांनी काळजी करू नये. घरात वाद नसताना ज्याने लिहिले, त्याच्या शब्दाला वजन असते, मग ते कोणाच्या बाजूचे असो.

शमुवेलकाका (9.03) : समजले. आभारी आहे.

प्रभाकरकाका (9.06) : म्हणूनच मी पुन्हा विचारतो. नोंदी कधी लिहिल्या हे ठरवायचे असेल तर पुस्तक केव्हा छापले ते आधी पाहिले पाहिजे. शीर्षकपान.

एस्तेर (9.20) : माझ्या बाबांचे, म्हणजे प्रभाकरकाकांचे, म्हणणे मी थोडे विस्ताराने मांडते, कारण सगळे यावरच अवलंबून आहे. पुस्तक छापण्यापूर्वीची तारीख त्यात त्या दिवशी लिहिलेली असणे शक्यच नाही. ती नंतर आठवणीने किंवा जुन्या टिपणावरून उतरवलेली असते. वीस वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच टाकाने, एकाच वळणात असतील तर त्या एका बैठकीत लिहिल्या आहेत असे समजावे. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांनी निवृत्तिवेतन मिळवताना विवाहाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलातील नोंदींची पाने कापून सरकारकडे पाठवली आणि ती तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही आहेत. परंतु पान वेगळे झाले आणि शीर्षकपान घरीच राहिले, की नोंद केव्हाची हे तपासण्याचा सोपा मार्ग बंद होतो. म्हणून, डेव्हिड, छायाचित्रे घेशील तेव्हा शीर्षकपान, त्याची मागील बाजू, नोंदींची संपूर्ण पाने, आणि मध्ये ठेवलेला पाला किंवा चिठ्ठी असेल तर ती ज्या पानात आहे त्या पानासह घे. शमुवेलकाका, एक नम्र विनंती की यापुढे पुस्तकाला ऊन दाखवू नये, त्याने शाई उडते. कोरड्या कपाटात आडवे ठेवावे, म्हणजे पुरेसे आहे.

शमुवेलकाका (9.27) : आई ऊन दाखवायची, म्हणून मीही दाखवत आलो. यापुढे दाखवणार नाही.

डेव्हिड (10.22) : पुस्तक हातात आहे. कडा कातरलेल्या नाहीत. जुना पुठ्ठा मात्र काढला होता आणि तो टेबलाखाली कागदाच्या कपच्यांच्या पोत्यावर पडलेला मिळाला. आतला कागद त्याला अजून चिकटलेला आहे आणि त्यावरच्या सहा ओळी शाबूत आहेत. दुपारी ते पोते रद्दीवाला नेणार होता. माझे हात अजून थरथरत आहेत. आत्या, काका, मी सर्वांची मनापासून क्षमा मागतो.

मार्थाकाकू (10.24) : देवाची स्तुती असो.

रूथआत्या (10.26) : बाळ, पुस्तक मिळाले, आता रडू नकोस. सावलीत बसून छायाचित्रे घे आणि पाठव.

डेव्हिड (10.51) : सर्व छायाचित्रे टाकली आहेत. प्रभाकरकाका, शीर्षकपान सर्वांत आधी टाकले आहे. पंडिता रमाबाईंचे भाषांतर, केडगाव, 1924.

प्रभाकरकाका (10.55) : आभारी आहे. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये वारल्या आणि त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले संपूर्ण भाषांतर त्यानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आजोबांनी या नोंदी 1924 किंवा त्यानंतर लिहिल्या. येसूचा जन्म या पुस्तकापेक्षा जुना आहे.

रूथआत्या (11.30) : मी भिंग घेऊन पाने पाहिली. निवृत्तीनंतर साताऱ्यात मोडीचा वर्ग केला होता, तो आज उपयोगी पडला. डेव्हिड, तू ज्याला मुलगा समजलास ती मुलगी आहे. ओळ अशी आहे : ‘येसू मु॥ मालगाव’. मु॥ म्हणजे मुलगा नव्हे, मु॥ म्हणजे मुक्काम. येसू म्हणजे येसूबाई. येशूच्या नावावरून ठेवलेले हे नाव नाही, बाप्तिस्म्याच्या आधीचे, गावातले नाव आहे. माझी थोरली आत्या. मिरजेजवळच्या मालगावात तिचे लग्न लहानपणीच झाले होते आणि आजोबा ख्रिस्ती झाल्यावर सासरच्यांनी जाणेयेणे तोडले. ती लहानपणी वारली नाही. मी सहासात वर्षांची असताना एक वयस्कर बाई चिंचेची पुडी घेऊन आमच्या परसदारी आली होती. आईने तिला आत घेतले आणि बाबा दिवसभर बाहेरच राहिले. ती कोण, हे मला फार उशिरा कळले.

दुसरी दुरुस्ती. नोंदीत शके 1818, पौष असे आहे. तू त्यात 78 मिळवून 1896 लिहिलेस. त्या शकाचा पौष लागला तेव्हा इंग्रजी साल बदललेले होते. तो जानेवारी 1897 आहे.

सुनीलदादा (11.36) : म्हणजे येसूआत्या डेव्हिडच्या एका संदेशात वारल्या होत्या आणि आत्यांच्या एका संदेशात पुन्हा जिवंत झाल्या, शिवाय एक वर्षाने लहानही झाल्या.

शमुवेलकाका (11.38) : सुनील, हा थट्टेचा विषय नाही.

सुनीलदादा (11.39) : क्षमस्व, काका.

रूथआत्या (11.47) : तिसरी दुरुस्ती. टिळकांनी देवाचा दरबार साताऱ्यात 1917 साली सुरू केला आणि 1919 च्या मे महिन्यात ते वारले. तेव्हा 1915 हे साल बसत नाही. आजोबा दरबारात जात असत असे मी घरात ऐकले आहे, पण पुस्तकात त्याची नोंद नाही. छापायचे असेल तर ‘घरात सांगतात’ असे स्पष्ट लिहून छापावे.

एस्तेर (12.10) : छायाचित्रे मोठी करून पाहिली. पहिल्या दोन अपत्यांच्या तारखा शकात आहेत, तिसऱ्यापासून ईसवी सन आहे. सगळे आठवणीने लिहिले असते तर एकच कालगणना वापरली असती; म्हणजे त्यांच्यासमोर एखादे जुने टिपण असावे आणि कुटुंबाचा बाप्तिस्मा दुसऱ्या आणि तिसऱ्या अपत्याच्या मधल्या काळात झाला असावा. मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नेमकी तीच वर्षे पाहावी लागतील. तेथे मिळेल ती तारीख बाप्तिस्म्याची असेल, जन्माची नव्हे, हे लिहून ठेवावे. मानमोडीच्या साथीत 1918 साली गेलेल्या चौथ्या बाळाची नोंदही याच हातची, याच तपकिरी शाईची आहे. शेवटची नोंद, म्हणजे पणजोबांच्या मृत्यूची, 1931 ची, निळ्या शाईत आणि वेगळ्या वळणात आहे. येसूच्या नावावरची रेघही निळी आहे.

रूथआत्या (12.40) : ते वळण बाबांचे आहे.

शमुवेलकाका (12.52) : अक्का, मी ते पान पन्नास वेळा पाहिले असेल. रेघ आजोबांनीच मारली, असे मला वाटत होते. बाबांनी असे का केले असेल?

रूथआत्या (1.05) : शाई कारण सांगत नाही, शमुवेल, आणि मी बाबांविषयी अंदाजाने काही लिहिणार नाही. मात्र एक गोष्ट आज प्रभाकरच्या त्या सालामुळे मला कळली. जाणेयेणे तुटून किती तरी वर्षे झाल्यावर आजोबांनी हे नवे पुस्तक घेतले, टाक आणि दौत घेऊन ते बसले आणि मुलांच्या नावांत सर्वांत वर येसूचे नाव लिहिले. ती कोठे राहते तेही लिहिले. तोडलेल्या लेकीचा मुक्काम कोणी लिहीत नाही.

मार्थाकाकू (1.09) : अक्का, मला पुढे वाचवत नाही.

शमुवेलकाका (1.40) : डेव्हिड, तक्त्यात ‘थोरली मुलगी येसूबाई, मुक्काम मालगाव, जन्म जानेवारी 1897’ असे लिही. रेघेविषयी छापू नये, पण पानाचे छायाचित्र आहे तसे, रेघेसह, शेजारी लावावे. पुस्तक आज संध्याकाळी मिरजेला आण. जुना पुठ्ठा वेगळ्या स्वच्छ कापडात गुंडाळून आण आणि त्याला चिकटपट्टी लावू नकोस. अक्का, पेटी तुमचीच आहे. मेळाव्याला याल तेव्हा घेऊन जावी.

रूथआत्या (1.52) : पेटी तेथेच राहू दे. मुलांना वाजवू दे. मालगावला कोणाला तरी जावे लागेल. सुगी झाली की त्या भागात हेळवी येतात, घरोघरी पिढ्यांची नावे वाचतात. येसूआत्याच्या सासरचा हेळवी येत असेल तर तिच्या मुलांची नावे त्याच्या चोपडीत मिळतील, आपल्याकडे ती नाहीत.

डेव्हिड (1.55) : आत्या, मी जातो. शमुवेलकाका बरोबर आले तर बरे होईल.

शमुवेलकाका (1.58) : येतो. रविवारी उपासना झाल्यावर निघू.

प्रभाकरकाका (2.03) : हेळवी भेटल्यास त्याची चोपडी मूळ आहे की नकललेली, आणि नकललेली असल्यास केव्हा, हे नम्रपणे विचारावे. पहिल्या पानाचे छायाचित्र घ्यावे.