शेजाऱ्याच्या यादवीत फौज पाठवावी का? (निमित्त: श्रीलंका, १९८७)

उंबरठा (धागाकर्ता)

आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या जोरदार सूर लागलाय: भारताने तटस्थपणाचं सोवळं सोडावं, आता आपण मोठा देश आहोत, शेजारी गडबड झाली की फौज उतरवावी. अंगठे धडाधड पडतायत. हे आपण एकदा करून बसलोय, याची तिथे कुणाला आठवणही नाही.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ प्रांतांना अधिकार मिळणार, वाघ (एलटीटीई, वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारा सशस्त्र गट) शस्त्रं खाली ठेवणार आणि ते घडवून आणायला आपली शांतिसेना जाणार, असं ठरलं. दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारताना रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने रायफलचा दस्ता राजीव गांधींवर उगारला. ते वेळीच खाली वाकले म्हणून डोकं वाचलं, फटका खांद्यावर आला. ज्या देशाच्या मदतीला आपण निघालो होतो, त्याच्या भावना त्या रांगेत दिसल्या होत्या.

पुढचं थोडक्यात. ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांच्यातल्याच वाघांशी १० ऑक्टोबरला लढाई जुंपली. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरवले. वाघ आधीच दबा धरून बसले होते. गोळीबार एवढा होता की बाकीची कुमक उतरूच शकली नाही. त्या ३० पैकी २९ ठार झाले, एक जिवंत सापडला तो कैदी म्हणून. बत्तीस महिन्यांत अकराशेहून जास्त जवान गेले. शेवटी श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी 'आता निघा' म्हटलं. आपल्याशी लढायला वाघांना हत्यारं पुरवली तीही त्यांच्याच सरकारने. मार्च १९९० मध्ये फौज चेन्नईला परतली, तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. वर्षभराने श्रीपेरुंबुदूरला वाघांनी राजीव गांधींचा जीव घेतला.

माझं मत सरळ आहे. संयुक्त राष्ट्रांचं निळं हेल्मेट (म्हणजे त्यांची अधिकृत शांतिमोहीम) असेल तर जावं, नाहीतर दुसऱ्याच्या यादवीत पाऊल टाकू नये. बोला.

---

घाटमाथा

असहमत. तुमचा हा नियम १९७१ ला लावून बघा. एक कोटी निर्वासित आपल्या हद्दीत, पूर्व बंगालमध्ये कत्तल चालू, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७ डिसेंबरला काय केलं? युद्धबंदी करा, सैन्य मागे घ्या असा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केला. सुरक्षा परिषदेत रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून आपल्याला ढाक्यापर्यंत जायला वेळ मिळाला. निळ्या हेल्मेटची वाट बघत बसलो असतो तर बांगलादेश झालाच नसता.

जग 'थांबा' म्हणत होतं आणि आपण थांबलो नाही, याचा मला अभिमान आहे.

---

कोरा_कागद

घाटमाथा, ७१ आणि ८७ एका दावणीला बांधू नका. ७१ ला निवडून आलेला पक्ष होता. पूर्व पाकिस्तानच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगने जिंकल्या होत्या. कुणाच्या बाजूने जायचं हे मतपेटीने सांगितलं होतं. एप्रिलमध्ये लगेच घुसा म्हणणारे होते, सेनाप्रमुख माणेकशांनी वेळ मागून घेतला. ऑगस्टमध्ये रशियाशी करार झाला, हिवाळा येऊ दिला. आणि मुख्य म्हणजे मार्च १९७२ पर्यंत फौज परतसुद्धा आली.

८७ ला यातलं एक तरी होतं का? ज्या दोन बाजूंमध्ये समेट घडवायचा, त्यातल्या वाघांची करारावर सहीच नव्हती. त्यांचा नेता प्रभाकरन याला दिल्लीच्या हॉटेलात बसवून 'मान्य कर' म्हणून दबाव टाकला गेला. असा होकार किती टिकणार?

---

लिंबूसरबत

तुम्ही सगळे २९ जुलैपासून मोजताय. माझ्या मते गणित तिथेच चुकतं.

१९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली, हजारो लोक पळून तमिळनाडूत आले. त्यानंतर तमिळनाडूत तमिळ गटांचे तळ उभे राहिले आणि आपल्या यंत्रणांनीच त्यांना प्रशिक्षण दिलं. म्हणजे कागदावर आपण तटस्थ होतो आणि मागच्या दाराने पोरांच्या हातात बंदुका देत होतो. त्या पोरांनी आधी एकमेकांनाच मारलं. १९८६ मध्ये वाघांनी टेलो हा गट नेत्यासकट संपवला, तोही आपणच शिकवलेला. एवढं दिसूनसुद्धा पुढच्या वर्षी 'वाघ शस्त्रं देतील' यावर दिल्लीचा विश्वास होता!

त्यामुळे फौज पाठवावी की तटस्थ राहावं, हा प्रश्न ८७ ला उरलाच नव्हता. तटस्थपणा आपण चार वर्षं आधीच मोडला होता, फक्त संसदेला आणि लोकांना न सांगता. उघडपणे पाठवलेल्या फौजेचा हिशोब तरी मागता येतो. छुप्या तळांचा कुणाकडे मागणार?

---

घाटमाथा

७१ ला बांगलादेशच्या मुक्तिबाहिनीलाही आपणच शिकवलं होतं, लिंबूसरबत. तेव्हा मागचं दार चाललं ना?

आणि फसलेल्या उदाहरणावरच किती दिवस बोलणार? ३ नोव्हेंबर १९८८. मालदीवमध्ये भाडोत्री बंदूकधारी माले शहरात शिरले, राष्ट्राध्यक्ष गयूम लपून बसले आणि त्यांनी मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून आयएल-७६ विमानं निघाली ती थेट मालेजवळच्या हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरली. दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर, आणि धावपट्टी कुणाच्या ताब्यात आहे याची खात्री नाही. काही तासांत माले मोकळं. ओलिसांना घेऊन पळालेलं जहाज आपल्या गोदावरी आणि बेतवा या युद्धनौकांनी समुद्रात गाठलं. तेच राजीव गांधी, तीच सेना, श्रीलंकेत अडकलेली असतानाच.

---

लिंबूसरबत

ते भाडोत्री कोण होते हेही लिहा की. प्लोट. तमिळनाडूत ज्यांचे तळ होते त्यांतलाच एक गट.

---

घाटमाथा

हे मात्र बिनतोड आहे. तरीही गयूमनी हाक दिल्यावर 'आम्ही तटस्थ आहोत' म्हणायचं होतं का?

---

आडवा_छेद

एवढा वेळ वाचतोय. जवान मोजले, मुत्सद्दी मोजले, जाफन्यात राहणारा माणूस कुणाच्याच प्रतिसादात नाही.

२१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस. जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात आपली तुकडी शिरली. दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर, परिचारिका, कर्मचारी आणि खाटांवरचे रुग्ण मिळून साठाहून अधिक माणसं मेली. वाघ आतून गोळीबार करत होते आणि लोक त्यात सापडले, असं आपल्या बाजूने सांगितलं गेलं. वाचलेले कर्मचारी सांगतात की वाघ आधीच निघून गेले होते. स्वतंत्र चौकशी झाली नाही, कुणावर खटलाही नाही. जी सेना 'आपलं रक्षण करायला' आली म्हणून ऑगस्टमध्ये त्याच लोकांनी हार घातले होते, तिच्याबद्दल दिवाळीनंतर त्यांना काय वाटलं असेल?

हस्तक्षेपाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी यावर बोलावं. तिथे लोकांच्या स्वयंपाकघरापर्यंत लढाई गेली होती. अशा ठिकाणी कितीही शिस्तीची सेना उतरवा, हे होण्याची भीती असतेच.

---

साताराकर

आमच्या तालुक्यात घरटी एक फौजी. माझा थोरला चुलतभाऊ शांतिसेनेत होता. त्याच्या पत्रावर गावाचं नाव नसायचं, नुसता एपीओचा (लष्करी टपाल कार्यालयाचा) नंबर. काकू पोस्टमनला विचारायची, "हे कुठं आलं रं?" आणि तो बिचारा काय सांगणार. युद्ध चालू आहे असं रेडिओवर कुणी म्हणतच नव्हतं, शांतता राखायला गेलेत म्हणायचे. ७१ ला गावात ब्लॅकआउट होता, गाणी होती, विजयाच्या दिवशी गुलाल होता. ८७ ला शवपेटी आली की तेवढ्यापुरतं कळायचं.

मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचं नाव इथल्या किती जणांना माहीत आहे? जन्म मुंबईचा, पलटण ८ महार. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री झडती घेऊन परतताना तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच गोळी घातली आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. शांतिसेनेतलं एकमेव परमवीरचक्र ते.

आडवा_छेद यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. पण रागाचा रोख त्या शिपायावर नको. कुणावर गोळी चालवायची आणि कुणाला वाचवायचं, हे त्याला दोन महिन्यांत उलटंसुलटं सांगितलं गेलं.

---

पंचगंगा

तटस्थ म्हणजे हात बांधून घरी बसायचं, असं गृहीत धरून सगळी चर्चा चालली आहे म्हणून लिहिते. १९५३ चं कोरिया बघा. युद्धबंदी झाली, पण मायदेशी जायला तयार नसलेले जवळपास २३ हजार कैदी उरले. त्यांना सांभाळणार कोण? दोन्ही बाजूंना चालेल असा देश भारत निघाला. कैद्यांसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या आणि कैद्यांवर पहारा देणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख आमच्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचा राग असा की भारतीय पाऊल आमच्या मातीला लागता कामा नये! मग आपल्या जवानांना बंदरातून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेलं.

चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणात ओढून ओलीस धरलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले. गोळीबार न करता, बोलून, त्याला बाहेर काढलं. काही महिन्यांत काम संपलं आणि फौज घरी.

तेव्हा आपलं वजन होतं, कारण दोन्हींपैकी कुणीही आपल्याला विरोधी पार्टीतलं म्हणू शकत नव्हतं. श्रीलंकेत ते वजन आपण तळ उघडले तेव्हाच घालवलं. मी लिंबूसरबत यांच्या बाजूने.

---

घाटमाथा

कोरियात युद्धबंदी आधीच झाली होती, ताई. आग विझल्यावर राख सांभाळायला तटस्थ माणूस चालतो.

आणि अलिप्त राहण्याचीही किंमत असते, ती कुणी मोजत नाही. २००९ मध्ये, श्रीलंकेतल्या युद्धाच्या शेवटी, मुल्लिवायक्कालला आपण फौज पाठवली नाही. समुद्रकिनाऱ्याच्या एका चिंचोळ्या पट्टीत लाखो तमिळ अडकले, एका बाजूने वाघ त्यांना बाहेर पडू देत नव्हते आणि दुसऱ्या बाजूने श्रीलंकेच्या तोफा. नागरिक बळींचा आकडा ४० हजारांपर्यंत असू शकतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने म्हटलं. निळं हेल्मेट तेव्हा कुठे होतं?

---

उंबरठा

तेव्हाही आपण तटस्थ नव्हतो. श्रीलंकेच्या सैन्याला रडार आपणच दिले होते. २००८ मध्ये वावुनियाच्या तळावर वाघांनी हल्ला केला, त्यात जखमी झालेल्यांत आपले दोन तंत्रज्ञ निघाले, तेव्हा आपली माणसंही तिथे असल्याचं बाहेर आलं.

मूळ मुद्द्यावर येतो. ७१ चा अपवाद मला मान्य. लिंबूसरबत यांच्यामुळे माझी अट थोडी बदलतो: फौज असो की छुपा तळ, आधी संसदेत चर्चा आणि ठराव. आज परदेशी फौज पाठवायला सरकारला संसदेची परवानगी घटनेने सक्तीची नाही. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी आपली डिव्हिजन मागितली होती. एप्रिलमध्ये संसदेने युद्धाविरुद्ध ठराव केला होता, उघड वाद झाला आणि जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नकार दिला. इराकचं पुढे काय झालं ते बघता आपले किती जवान वाचले, विचार करा.

---

कोरा_कागद

संसदेत ठराव करून छुपा तळ? तो छुपा कसा राहील, उंबरठाभाऊ :)

आणि ८७ ला मतदान घेतलं असतं तर? राजीव गांधींकडे चारशेहून जास्त खासदार होते. दीड तासात ठराव मंजूर झाला असता, बाकं वाजवून. तुमच्या अटीने काहीही अडलं नसतं.

मला 'हाक कुणी दिली' यापेक्षा 'परत कधी यायचं' हे आधी लिहून घेणं जास्त महत्त्वाचं वाटतं. गयूमनी बोलावलं म्हणून आपण ८८ ला हिरो. २०२३ मध्ये त्याच मालदीवमध्ये मुइझ्झू 'इंडिया आउट' म्हणत निवडून आले, तेव्हा तिथे आपले शंभरहूनही कमी लष्करी लोक होते, दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवणारे. रुग्णांना बेटांवरून हलवणं हे त्यांचं मुख्य काम. तरी मे २०२४ पर्यंत त्यांना परत बोलवून साध्या कपड्यातले तंत्रज्ञ पाठवावे लागले.

---

साताराकर

उंबरठा, ठराव होईल न होईल. निदान नाव तरी धड ठेवा. युद्ध असेल तर युद्ध म्हणा, म्हणजे घरी माणसं कशाची वाट बघतायत ते त्यांना कळेल.